होडीला टाकी केवढी? आऊटबोर्ड इंजिनवाल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मालवण, तारकर्ली, देवबागचे होडीवाले आऊटबोर्डसाठी, म्हणजे होडीच्या मागं बाहेरून लावायच्या इंजिनासाठी, पेट्रोलची टाकी बघायला आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे इंजिन ॲव्हरेज किती देतं?" मोटारसायकलचं ॲव्हरेज किलोमीटरवर सांगता येतं, होडीचं नाही. कर्ली नदीत ओहोटीबरोबर खाली उतरायला जेवढं पेट्रोल लागतं, त्याहून बरंच जास्त त्याच ओहोटीच्या विरुद्ध वर चढायला लागतं, आणि अंतर मात्र तेच असतं. म्हणून होडीचा हिशेब तासाला किती लिटर, असाच करावा. हा आकडा हातात नसताना टाकी घेऊ नका.

अंदाजासाठी असं धरा. पूर्ण रेसवर फोर-स्ट्रोक इंजिन दर एचपीमागे तासाला ०.३५ ते ०.४ लिटर पेट्रोल घेतं, कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक ०.४५ ते ०.५ लिटर. म्हणजे ९.९ एचपीचं फोर-स्ट्रोक तासाला सुमारे ४ लिटर, २५ एचपीचं टू-स्ट्रोक साडेअकरा-बारा आणि ४० एचपीचं टू-स्ट्रोक १८ ते २० लिटर.

पण दिवसभर पूर्ण रेसवर होडी चालवायची गरज नसते. रेस चौथाईनं कमी केली की इंधन चौथाईपेक्षा बरंच जास्त वाचतं. यात सांभाळायची जागा मधली आहे. होडीचं नाक वर, मागं मोठी लाट, आणि होडी ना तरंगत चाललेली ना पाण्यावर उचललेली, अशा अवस्थेत दर मैलाला सगळ्यात जास्त पेट्रोल जळतं. १६ फुटी होडीला साधारण साडेपाच नॉटच्या (तासाला दहा किलोमीटरच्या आसपास) वर गेलं की ही अवस्था सुरू होते. तेव्हा एकतर त्याच्या आत सावकाश चला, नाहीतर रेस देऊन होडी उचलू द्या आणि मग रेस थोडी मागं घ्या. माणसं, जाळी, बर्फ यांच्या वजनानं होडी उचलतच नसेल, तर रेस वाढवून फक्त लाट मोठी होते. अशा वेळी वजन पुढं सरकवा आणि एकदा इंजिनाचा पाण्यातला पंखा तपासून घ्या. तळाला शेवाळ-शिंपल्या धरल्या असतील तर आधी त्या खरवडा. नवीन टाकीपेक्षा हे काम स्वस्त आहे.

तुमच्या होडीचा खरा आकडा तुम्हीच काढा. टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरा, नेहमीच्या माणसांसह आणि नेहमीच्या वेगानं फेरी मारा, इंजिन चालू असलेले तास लिहा, परत आल्यावर त्याच खुणेपर्यंत भरा. भरलेले लिटर भागिले तास. डॉल्फिन दाखवताना इंजिन हळू चालू ठेवता तो वेळही धरा. एक मोजणी दुपारच्या परतीची असू द्या. सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडं वाहणाऱ्या) वाऱ्यावर दक्षिणेला निवतीकडं सहज जाता येतं, पण दुपारी वायव्येचा वारा वाढला की मालवणकडं येताना तो समोरून लागतो, आणि टाकीची खरी परीक्षा तेव्हा होते.

समजा आकडा तासाला ८ लिटर आला आणि जाऊन-येऊन इंजिन दोन तास चालतं. लागतात १६ लिटर. समुद्रावरचा जुना नियम एक भाग जायला, एक यायला आणि एक शिल्लक असा आहे; त्या हिशेबानं हवेत २४ लिटर. २५ लिटरची टाकी पुरेल असं वाटतं, पण पुरत नाही. पेट्रोल उन्हानं फुगतं म्हणून वर थोडी जागा मोकळी ठेवावीच लागते, आणि होडी हलताना तळातलं लिटर-दीड लिटर इंजिनाला ओढता येत नाही. हाती लागतात २२ लिटरच्या आसपास.

म्हणून ४० एचपीच्या आतल्या बहुतेक ग्राहकांना आम्ही २५ लिटरच्या दोन सुट्या टाक्या घ्यायला सांगतो, ५० लिटरची एक नाही. भरलेली २५ लिटरची टाकी साधारण २० ते २२ किलोची होते, एक माणूस ती किनाऱ्यावरून होडीपर्यंत नेऊ शकतो. त्याहून मोठं कारण पाण्याचं आहे. पेट्रोलमध्ये पाणी शिरलं आणि टाकी एकच असेल, तर शिलकीचं पेट्रोलही त्याच पाण्यातलं. शिल्लक नेहमी वेगळ्या टाकीत हवी.

इथं इथेनॉलचा मुद्दा येतो. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. बऱ्याच आऊटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे, तेव्हा तुमची पुस्तिका आधी पाहा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळं खपही थोडा वाढतो. पण होडीवाल्यासाठी खरी काळजी ओलाव्याची. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. टाकीचा पाइप पेट्रोल ओढतो तोही तळातूनच. पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये बसवा. मात्र असं सुटलेलं पेट्रोल फिल्टर दुरुस्त करू शकत नाही, ते काढूनच टाकावं लागतं. जुने रबरी पाइप आणि हातानं दाबायचा बल्ब चिकट किंवा कडक झाला असेल तर लगेच बदला.

होडी बांधतानाच फायबरची टाकी आत बसवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. पेट्रोलसाठी ती करू नका. इथेनॉल साध्या पॉलिएस्टर रेझिनला विरघळवतं आणि तो चिकटा इंजिनात जातो. मोठ्या इंजिनासाठी बसवलेली टाकी हवीच असेल, तर जाड ॲल्युमिनियमची किंवा इंधनासाठीच बनवलेली प्लास्टिकची घ्या. ती तळातल्या पाण्यात बसता कामा नये आणि फळ्या उचलल्यावर चारी बाजूंनी दिसली पाहिजे. स्टेनलेसलाही पट्ट्याखाली, जिथं ओल राहते आणि हवा पोचत नाही, तिथं खड्डे पडतात. खाद्यतेलाचे पांढरे कॅन टाकी म्हणून वापरू नका. ऊन त्यांना ठिसूळ करतं.

सुटी टाकी होडीतून काढून जमिनीवर ठेवून भरा, नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेलं असू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळात साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. इंजिन सुरू करण्याआधी झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. तो बंद राहिला तर टाकी आत ओढली जाते आणि भर समुद्रात इंजिन बंद पडतं. टू-स्ट्रोकला ५०:१ मिश्रण सांगितलं असेल तर लिटरला २० मिली ऑइल, दोन्ही टाक्यांत सारखंच.

पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत पेट्रोल टाकीत ठेवू नका. टाक्या रिकाम्या करून, वाळवून, झाकण लावून सावलीत ठेवा, आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलही काढून टाका.

दुकानात येताना इंजिनाची पुस्तिका, होडीची लांबी आणि तुम्ही मोजलेला तासाचा आकडा घेऊन या. आकडा काढायचा राहिला असेल तर मोजमापाचं भांडं आमच्याकडून न्या, फेरी मारून या, टाकीचं मग ठरवू.