युरेका ड्युन्सला तंबू नेताय? पोल का मोडतात ते आधी वाचा

आम्ही तंबू भाड्यानं देतो. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाहून परत येणाऱ्या तंबूंत मोडके पोल सगळ्यांत जास्त निघतात, आणि त्यातही तिथल्या युरेका ड्युन्सला, म्हणजे वाळूच्या टेकड्यांना, जाऊन आलेले तंबू आघाडीवर. अनामत रकमेतून पोलचे पैसे कापले की ठरलेलं उत्तर येतं, "अहो, त्यात आम्ही धड झोपलोसुद्धा नाही!" मोडला तो त्यामुळेच. तंबू रिकामा होता.

होतं असं की दुपारी पोचता, तंबू उभा करता, चार पेग (खुंट्या) जमिनीत ढकलता आणि मुलांना घेऊन वाळूच्या टेकड्या चढायला निघता. जवळ वाटल्या तरी त्या 680 फुटांच्या आसपास उंच आहेत. वर जाऊन येण्यात अर्धी दुपार जाते. तेवढ्यात वारा सुटतो. आत ना माणूस ना सामान, मग तंबू पतंगासारखा वारा धरतो. एका बाजूचे पेग निघतात, तंबू उलटतो आणि सगळा भार एकाच पोलवर येतो. ज्या वाऱ्यानं एवढी वाळू त्या खोऱ्यात आणून रचली, तो आपल्या तंबूची काय गय करणार?

"पवनेच्या काठी रात्रभर तंबू हलला नव्हता," असंही ऐकवलं जातं. खरं असेल. तिथली माती पेग धरून ठेवते. इथे वाळू आणि मुरूम. बारीक सळईचा पेग हातानं आत जातो, तसाच हातानं बाहेर येतो.

म्हणून डेथ व्हॅलीचं बुकिंग असेल तर उभ्या भिंतींचा मोठा कॅबिन तंबू आम्ही देत नाही, कितीही आग्रह केला तरी. बुटका डोम देतो, सोबत लांब, रुंद पात्याचे पेग. पेगचं वेगळं भाडं नाही. महागडा माल गळ्यात मारतोय असं काहींना वाटतं, पण डोमचं भाडं कॅबिनपेक्षा कमी आहे.

पेगचं डोकं तंबूपासून बाहेर झुकेल असा तो तिरका, पूर्ण आत ठोका. वरच्या कापडाच्या सगळ्या दोऱ्या बांधा. त्या शोभेला दिलेल्या नाहीत. वारा येतो त्याच्या उलट बाजूला दार ठेवा. आणि फिरायला जाताना पोल काढून तंबू आडवा करा, वर पाण्याचे कॅन ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. दोऱ्यांना दगड बांधू नका. दोऱ्या घासून तुटतात, शिवाय राष्ट्रीय उद्यानातले दगड जागचे हलवायचे नसतात.

कॅनचं म्हणाल तर पाणी न्यावंच लागतं, तिथे नळ नाही. माणशी दिवसाला किमान एक गॅलन धरा. चौघांना तीन दिवसांसाठी बारा गॅलन, म्हणजे शंभर पाउंड वजन. ते एका मोठ्या पिंपात नेण्यापेक्षा तीन गॅलनचे चार कॅन न्या, तंबूच्या चार कोपऱ्यांत एकेक बसतो. हे कॅन आमच्याकडे भाड्यानं मिळतात.

पेट्रोल बिग पाइन गावात पूर्ण भरा. तिथून सुमारे 50 मैल, त्यात शेवटचा टप्पा कच्चा. फोनला सिग्नल नाही. गाडी भाड्याची असेल तर करार वाचा, कच्च्या रस्त्याला बऱ्याच कंपन्यांची मनाई असते. निघायच्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्ता सुरू आहे का, तेही बघून घ्या.

वाळूवरून घसरायची फळी मिळेल का, असं दर मोसमात विचारलं जातं. ठेवत नाही. तिथे त्याला बंदी आहे, आणि खुद्द टेकड्यांवर तंबू लावायलाही. जगात फक्त याच खोऱ्यात उगवणारं गवत आणि फुलझाड त्या वाळूत आहे.

परत आणताना तंबू धुऊ नका, उलटा करून झटका. चेन अडकली तर ओढू नका. वाळू ब्रशनं काढायचं काम आमच्यावर सोडा, त्याचे पैसे नाहीत. ओढून तुटलेल्या चेनचे मात्र आहेत.

तंबू न्यायला याल तेव्हा पंधरा मिनिटं जास्त ठेवा. दुकानामागे एकदा तुमच्याच हातानं उभा करून घेतो. पोल आणि पेग तुमच्यासमोर मोजून देतो, परत घेतानाही तुमच्यासमोरच मोजतो.