पॅकार्ड

पॅकार्ड : अमेरिकेतील एक मोटारनिर्मिती कंपनी व तिच्या आलिशान मोटारींचे नाव. ओहायो राज्यातील वॉरन या गावी १८९९ मध्ये पहिली पॅकार्ड रस्त्यावर आली. १९०३ पासून पुढे ५३ वर्षे या गाड्या डेट्रॉइटमध्ये तयार झाल्या आणि १९५८ मध्ये त्यांचे उत्पादन कायमचे थांबले. अमेरिकेची आलिशान गाडी म्हटली की आज कॅडिलॅक किंवा लिंकन आठवते. १९२० च्या दशकात मात्र कॅडिलॅकपेक्षा जास्त खपणारी गाडी पॅकार्ड होती, आणि मानही तिलाच अधिक होता.

जेम्स वॉर्ड पॅकार्ड (१८६३–१९२८) आणि त्यांचे थोरले बंधू विल्यम यांचा मूळ धंदा विजेच्या दिव्यांचा. १८९० मध्ये त्यांनी वॉरनला पॅकार्ड इलेक्ट्रिक कंपनी काढली होती. १८९८ मध्ये जेम्स यांनी क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर विंटन यांच्या कारखान्यातून एक मोटार घेतली. गाडी घरी आणतानाच वाटेत बंद पडली आणि शेवटी घोडे जुंपून ओढत आणावी लागली. पुढेही तिची दुखणी संपेनात. जेम्स हे शिकलेले अभियंते, तेव्हा काय बिघडते आणि ते कसे सुधारावे हे सांगायला ते विंटन यांच्याकडे गेले. एवढे कळत असेल तर स्वतःच गाडी बांधा, असे त्यांना तिथे ऐकवले गेले, अशी कथा आहे. कथेला मीठमसाला लागला असेलही, पण त्यांनी केले नेमके तेच. विंटन यांच्याकडची दोन माणसे त्यांनी आपल्याकडे घेतली आणि ६ नोव्हेंबर १८९९ रोजी एका सिलिंडरची पहिली पॅकार्ड वॉरनच्या रस्त्यावर धावली. ती गाडी आज पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात ठेवलेली आहे. जेम्स तिथलेच विद्यार्थी.

या माणसाचा स्वभाव त्यांच्या घड्याळांवरून जास्त कळतो. स्वित्झर्लंडच्या कारागिरांकडून एकाहून एक गुंतागुंतीची खिशातली घड्याळे ते मुद्दाम बनवून घेत. पाटेक फिलिप या पेढीने १९२७ मध्ये त्यांच्यासाठी केलेल्या एका घड्याळात वॉरनच्या आकाशातला ताऱ्यांचा नकाशा बसवलेला आहे. यंत्र बिनचूक चालले पाहिजे आणि त्यासाठी लागेल तो पैसा मोजायची तयारी हवी, ही त्यांची दृष्टी पुढे कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेल्यावरही गाडीत राहिली.

१९०१ पासून कंपनीच्या जाहिरातींत ‘ज्याच्याकडे आहे, त्यालाच विचारा’ अशा अर्थाचे एक छोटे वाक्य येऊ लागले. एका गिऱ्हाइकाने माहितीपत्रक मागवले, तेव्हा द्यायला माहितीपत्रकच नव्हते, आणि जेम्स यांनी त्याला हेच उत्तर पाठवायला सांगितले, असे म्हणतात. हे वाक्य कंपनीने अखेरपर्यंत वापरले. जाहिरात म्हणून ते विलक्षणच म्हणायला हवे, कारण त्यात गाडीची एकही तारीफ नाही. सारा भार मालकाच्या शब्दावर. तो शब्द खरा होता तोवर कंपनीला दुसऱ्या कशाची फारशी गरज पडली नाही.

डेट्रॉइटचे दिवस

कंपनीला मोठे केले ते हेन्री बर्न जॉय यांनी. डेट्रॉइटच्या रेल्वेमालक घराण्यातले हे गृहस्थ मोटार बघायला न्यूयॉर्कला गेले असता रस्त्याकडेला दोन पॅकार्ड उभ्या होत्या. आगीचा बंब घणघणत गेला, तशा दोन्ही गाड्या हँडलच्या पहिल्याच फेऱ्यात सुरू होऊन त्याच्यामागे पळाल्या, आणि जॉय यांनी तिथल्या तिथे एक विकत घेतली असे सांगतात. हँडल मारून हात दुखायच्या त्या काळात पहिल्या झटक्यात सुरू होणारी गाडी म्हणजे नवलच. जॉय यांनी स्वतःचे व मित्रांचे भांडवल घातले आणि १९०३ मध्ये कंपनी डेट्रॉइटला आणली. त्याच उन्हाळ्यात एका सिलिंडरची एक पॅकार्ड सॅन फ्रान्सिस्कोहून निघून ६१ दिवसांत न्यूयॉर्कला पोचली. मोटारीने अमेरिका आडवी पार करण्याचा हा दुसरा यशस्वी प्रवास. त्या वेळी पश्चिमेत रस्ते जवळजवळ नव्हतेच. जॉय पुढे अमेरिका आडवी पार करणाऱ्या लिंकन महामार्गाच्या चळवळीचे अध्यक्ष झाले.

ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचा कारखाना अल्बर्ट काह्न या वास्तुविशारदाने उभारला. त्यातली १९०५ ची दहा क्रमांकाची इमारत पोलाद घालून मजबूत केलेल्या काँक्रीटची होती. तोवर कारखान्यांच्या जमिनी लाकडी असत. त्या तेल पिऊन काळ्या पडत आणि ठिणगी पडली की पेट घेत. काँक्रीटमुळे आगीची भीती गेली, खांबांमधले अंतर वाढले, भिंतींच्या जागी मोठाल्या खिडक्या आल्या. फोर्डचा प्रसिद्ध हायलंड पार्क कारखाना काह्न यांनीच यानंतर बांधला.

१९१५ मध्ये पॅकार्डने बारा सिलिंडरची ‘ट्विन सिक्स’ काढली. कॅडिलॅकने नुकतेच आठ सिलिंडरचे इंजिन आणले होते, त्याला हे उत्तर. अभियंता जेसी व्हिन्सेंट यांचे हे इंजिन इतके शांत आणि सलग चाले की गिअर क्वचितच बदलावा लागे. ४ मार्च १९२१ रोजी वॉरन हार्डिंग अध्यक्षपदाची शपथ घ्यायला याच गाडीतून गेले. शपथविधीला मोटारीतून जाणारे ते पहिले अमेरिकन अध्यक्ष. दरम्यान पहिल्या महायुद्धात व्हिन्सेंट यांनी एल्बर्ट हॉल यांच्यासह वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात काही दिवस बसून ‘लिबर्टी’ या विमान इंजिनाचा आराखडा काढला होता. १९२३ मध्ये एका ओळीत आठ सिलिंडर आणि चारही चाकांना ब्रेक असलेली गाडी आली, आणि पुढची तीस वर्षे पॅकार्ड म्हणजे ‘आठ एका ओळीत’ हे समीकरण पक्के झाले.

१९१६ ते १९३९ अशी तेवीस वर्षे अध्यक्ष असलेले अल्व्हन मॅकॉले यांचे धोरण जुन्या सराफी पेढीसारखे होते. दरवर्षी नवे रूप द्यायचे नाही. १९०४ पासून रेडिएटरच्या खांद्यांचा जो बाक होता तो तसाच ठेवायचा, चाकांच्या मध्यावरचा लाल षटकोनही तोच. शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी घेतलेली पॅकार्ड जुनी दिसू नये, यात गिऱ्हाइकाचा मान होता. रेडिएटरवर बसणाऱ्या पक्ष्याबद्दल मात्र कंपनीचाच गोंधळ होता. तिच्या कागदपत्रांत तो कधी पाणकोळी आहे, तर कधी पाणकावळा. परदेशांतही या गाडीला मागणी होती. भारतीय संस्थानिकांच्या गॅरेजांत पॅकार्ड असत, आणि आपल्याकडे टिकलेल्या जुन्या पॅकार्डांतल्या काहींचा माग तिथपर्यंत जातो.

‘वन-ट्वेंटी’चा वाद

१९२९ नंतरच्या महामंदीत आलिशान गाड्यांचा बाजारच बसला. पिअरलेस, मार्मन, ड्यूसेनबर्ग, पिअर्स-ॲरो ही नावे १९३८ पर्यंत एकामागून एक मिटली. कॅडिलॅकला जनरल मोटर्सचा आधार होता. त्याच कंपनीच्या स्वस्त शेव्हरले गाडीच्या खपावर ती तगून गेली. पॅकार्डमागे असा थोरला भाऊ नव्हता. १९३४ मध्ये तिचे उत्पादन दहा हजार गाड्यांच्याही खाली गेले.

मॅकॉले यांनी मग जनरल मोटर्सच्याच कारखान्यांतली अनुभवी माणसे आणली आणि जानेवारी १९३५ मध्ये ‘वन-ट्वेंटी’ बाजारात उतरवली. किंमत हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे मोठ्या पॅकार्डच्या निम्म्याहूनही कमी. रेडिएटर तोच, षटकोन तोच. डॉक्टर, वकील, दुकानदार यांनी उड्या टाकल्या. १९३७ मध्ये त्याहून स्वस्त सहा सिलिंडरची गाडी आली आणि त्या वर्षीचे उत्पादन एक लाख वीस हजारांच्या वर गेले.

पॅकार्डचा ऱ्हास इथूनच सुरू झाला, असे मोटारप्रेमींच्या बैठकींत हमखास ऐकू येते. हजार डॉलरला पॅकार्ड मिळू लागल्यावर पाच हजारांची पॅकार्ड कोण घेणार, हा त्यांचा मुद्दा. त्यात तथ्य नाही असे नाही, पण दोष वन-ट्वेंटीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ती नसती तर कंपनी १९३८ च्या आतच पिअर्स-ॲरोच्या वाटेने गेली असती. शिवाय गाडी उत्तम होती. चूक झाली ती नावात. जनरल मोटर्सने कॅडिलॅकच्या खालच्या गाडीला ‘ला साल’ असे वेगळे नाव दिले होते आणि काम झाल्यावर १९४० मध्ये ते गुपचूप बंद केले. पॅकार्डने धाकट्या गाडीलाही घराण्याचेच नाव दिले आणि मंदी सरल्यावरही तिला वेगळे काढले नाही. पाहता पाहता पॅकार्ड म्हणजे मध्यम किमतीची चांगली गाडी, अशी ओळख होऊन बसली.

युद्धकाळ

१९४० मध्ये ब्रिटनला रोल्स-रॉइसची ‘मर्लिन’ विमान इंजिने अमेरिकेत बनवून हवी होती. हेन्री फोर्ड यांनी ब्रिटनसाठी काम करायला नकार दिला आणि ते काम पॅकार्डकडे आले. ब्रिटिश आराखडे अमेरिकन कारागिरांना वाचता येतील असे पुन्हा काढावे लागले. स्क्रूचे आटे मात्र ब्रिटिश मापाचेच ठेवले, कारण दोन्ही देशांत बनलेले सुटे भाग एकमेकांच्या इंजिनांत बसायला हवे होते. असे आटे पाडणारी हत्यारे अमेरिकेत मिळत नव्हती, तीही पॅकार्डने स्वतःच केली. युद्ध संपेपर्यंत ५५ हजारांहून अधिक मर्लिन इथून बाहेर पडली. मस्टँग लढाऊ विमानांना आणि अनेक लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांना ती बसवली गेली. नौदलाच्या पीटी या वेगवान टॉर्पेडो बोटींचीही इंजिने पॅकार्डचीच.

याच कारखान्यात जून १९४३ मध्ये एक लाजिरवाणा संप झाला. तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती दिली म्हणून सुमारे पंचवीस हजार गोऱ्या कामगारांनी काम बंद पाडले. कामगार संघटनेने त्यांना पाठिंबा दिला नाही आणि संप काही दिवसांत मिटला, पण त्याच महिन्यात डेट्रॉइटमध्ये भीषण वांशिक दंगल उसळली.

रशियात पॅकार्डची कीर्ती वेगळ्याच वाटेने पोचली होती. स्टालिनना ही गाडी आवडे. १९४५ मध्ये मॉस्कोत तयार होऊ लागलेली झिस-११० ही सरकारी मोटार युद्धापूर्वीच्या मोठ्या पॅकार्डवरून उतरवलेली होती, हे ती पाहताक्षणी कळते. अमेरिकेत मागे पडलेला तो डौल अशा रीतीने सोव्हिएत पुढाऱ्यांच्या दारात पुढची बारा-तेरा वर्षे उभा राहिला.

उतरण

युद्धानंतर हातात पैसा होता, पण तो नव्या घडणीवर खर्च झाला नाही. १९४८ ची गाडी म्हणजे पॅकार्डच्याच १९४१ च्या देखण्या ‘क्लिपर’वर चढवलेला जाड पत्रा. लोकांनी तिला ‘गाभण हत्तीण’ म्हणायला सुरुवात केली. त्याच वर्षी कॅडिलॅकच्या मागच्या बाजूला माशासारखे पर फुटले आणि वर्षभरात तिला नवे इंजिनही मिळाले. पॅकार्डने १९४९ मध्ये स्वतःच्या बळावर ऑटोमॅटिक गिअर तयार केला, हे तिच्या अभियंत्यांचे कौतुकच. दाखवायला मात्र तिच्याकडे एका ओळीतले जुने आठ सिलिंडरच होते.

१९५२ मध्ये घरगुती विद्युत उपकरणांच्या धंद्यातून आलेले जेम्स नान्स अध्यक्ष झाले. धाकटी आणि थोरली गाडी वेगळी केली पाहिजे हे त्यांनी ओळखले. पण वीस वर्षे उशीर झाला होता. १९५३ च्या अखेरीस एक जबर धक्का बसला. पॅकार्ड आपल्या बॉडी ज्या ब्रिग्ज कंपनीकडून बनवून घेई, ती क्रायस्लरने विकत घेतली. स्वतःची बॉडी बनवणे पॅकार्डने बारा वर्षांपूर्वीच सोडले होते. घाईने एका अपुऱ्या इमारतीत काम हलवले गेले. १९५४ मध्ये स्टुडबेकर कंपनीशी विलीनीकरण झाले, आणि तिची आर्थिक दुखणी कागदावर दिसत होती त्याहून कितीतरी खोल निघाली.

१९५५ ची पॅकार्ड अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्या वर्षीची सर्वांत धाडसी गाडी होती. तिला पाट्याच्या स्प्रिंगा नव्हत्या. पुढच्या व मागच्या चाकांना जोडणाऱ्या लांब पोलादी दांड्या पीळ घेऊन धक्के झेलत आणि वजन पडले की एक छोटी विद्युत मोटर गाडी आपोआप समतल करी. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिची बरोबरी करणारी दुसरी अमेरिकन गाडी नव्हती. पण त्या अपुऱ्या इमारतीतून सुरुवातीच्या गाड्या नीट जुळणी न होताच बाहेर पडल्या. दारे बसत नव्हती, पाणी गळत होते, दुरुस्तीसाठी विक्रेत्यांकडे रांगा लागल्या. आता मालकाला विचारले, तर तो नको म्हणून सांगत होता. १९५६ मध्ये खप कोसळला.

२५ जून १९५६ रोजी डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड तयार झाली. पुढची दोन वर्षे इंडियानातील साउथ बेंड येथे स्टुडबेकरच्याच गाड्यांना पॅकार्डचे नाव आणि थोडी सजावट चिकटवून विकण्यात आली. चाहते त्यांना कुचेष्टेने ‘पॅकार्डबेकर’ म्हणतात. जुलै १९५८ मध्ये तेही थांबले आणि १९६२ मध्ये कंपनीच्या नावातूनही पॅकार्ड गळाले.

काह्न यांचा कारखाना त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ पडझडत उभा होता. डेट्रॉइटच्या अवनतीची छायाचित्रे काढायला येणारे सगळे तिथे जात. २०१३ मध्ये थकीत करापोटी झालेल्या लिलावात तो जेमतेम चार लाख डॉलरला विकला गेला, २०१९ मध्ये रस्त्यावरून जाणारा त्याचा पूल कोसळला, आणि २०२२ पासून शहराने तो पाडायला घेतला.

वॉरनमधली दिव्यांची कंपनी मात्र वाचली. मोटारीचा व्यवसाय डेट्रॉइटला गेला तरी पॅकार्ड इलेक्ट्रिक मागेच राहिली होती आणि मोटारींच्या वायरी करू लागली होती. १९३२ मध्ये ती जनरल मोटर्सने विकत घेतली, नाव तसेच ठेवले. शेवटची पॅकार्ड विकली गेल्यावरही अनेक वर्षे जनरल मोटर्सच्या गाड्यांत, कॅडिलॅकमध्येसुद्धा, वीज खेळत होती ती पॅकार्ड नावाच्या कंपनीच्या वायरींतून.