कावाचा आस्वाद आणि जेवणातील जोड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून कावाची बाटली नेणारे बहुतेक ग्राहक ती वाढदिवसाला किंवा वर्षअखेरीच्या रात्री उघडतात आणि पहिला पेला संपताच जेवणाकडे वळतात. आनंदाच्या प्रसंगी ती जरूर उघडावी. परंतु ही स्पॅनिश फेसाळ वाइन मुळात जेवणाबरोबर पिण्याची आहे, आणि तशी ती प्यावी ही आमची मनापासूनची इच्छा आहे.

स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील पेनेदेस भागात, बार्सिलोनापासून फार दूर नसलेल्या सांत सादुर्नी दानोइया या गावी, कोदोर्निऊ घराण्याचे जोसेप राव्हेंतोस यांनी १८७२ साली शॅम्पेनच्या पद्धतीने ही वाइन तयार केली. कावा या शब्दाचा अर्थ तळघर; ही वाइन तेथे मुरवली जाते, म्हणून हे नाव. या पद्धतीत तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद केली जाते, आतल्या आत वाइन दुसऱ्यांदा आंबते आणि बाहेर पडायला वाट नसलेला वायू वाइनमध्येच विरघळतो. काम संपलेले यीस्ट साका होऊन तळाशी बसते. या साक्यावर बाटली किमान ९ महिने मुरावी लागते. ‘रेझेर्वा’साठी १८ आणि ‘ग्रान रेझेर्वा’साठी ३० महिने. मुरण्याचा काळ वाढतो तसा हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाचा ताजा वास मागे सरतो आणि भाजलेल्या पावाचा, बदामाचा वास पुढे येतो.

बाटली निवडताना लेबलावरील आणखी एक शब्द पाहावा, तो गोडीचा. ‘ब्रूट नेचर’मध्ये साका काढून टाकल्यानंतर वरून साखर अजिबात घातलेली नसते, ‘ब्रूट’मध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर असू शकते, तर ‘सेमी सेको’ची गोडी ३२ ते ५० ग्रॅम, म्हणजे जिभेला स्पष्ट जाणवेल इतकी असते.

साधी कावा ६ ते ८ अंश सेल्सिअसला द्यावी, ग्रान रेझेर्वा थोडी कमी थंड. बर्फात पाणी घालून त्यात बाटली अर्धा तास बुडवून ठेवली की पुरते; नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी बाटलीला सगळीकडून भिडते, म्हणून ती लवकर गार होते. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये. उघडताना तार सैल करण्याच्या क्षणापासून बुचावरचा अंगठा काढू नये, कारण आतला दाब मोटारीच्या टायरमधील दाबाच्या दुपटीहून अधिक असतो. बाटली तिरपी धरून, बूच घट्ट पकडून, बाटलीच हळूहळू फिरवावी. बूच फटकन न उडता सुस्काऱ्यासारख्या आवाजाने निघाले, तर वायू आणि वाइन दोन्ही वाया जात नाहीत. पेला निमुळत्या तोंडाचा, परंतु पोटाशी थोडा रुंद असावा; अगदी अरुंद पेल्यात बुडबुडे सुंदर दिसतात, मात्र वास कोंडतो. पेल्याला साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो, म्हणून तो नुसत्या पाण्याने पुन्हा विसळून घ्यावा.

आधी वास घ्यावा, मग छोटा घोट तोंडात क्षणभर फिरवावा. माकाबेओ, शारेलो आणि पारेयादा या तीन पारंपरिक द्राक्षांपैकी शारेलोमुळे वाइनला अंग येते, म्हणजे ती तोंडात भरीव लागते. कधी त्यात बडीशेपेची आठवण करून देणारा हिरवट वासही असतो. तो ओळखता आला की कावा वेगळी कळू लागते.

जोड जमते ती आंबटपणामुळे. कावाची आंबट धार आणि बुडबुडे तेलकट, खारट घासानंतर तोंड स्वच्छ करतात, म्हणून तळलेले लहान मासे, लसणावर परतलेली कोळंबी, बटाट्याचे जाड स्पॅनिश ऑम्लेट यांच्याबरोबर ब्रूट चोख बसते. हामोन या मुरवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर आणि मांचेगो चीजबरोबर रेझेर्वा घ्यावी. कॅटलोनियात थंडीच्या दिवसांत कालसोत नावाचे लांब कोवळे कांदे जाळावर भाजतात, काळी साल ओढून काढतात आणि बदाम, सुकी मिरची, टोमॅटो यांच्या सॉसमध्ये बुडवून खातात. त्यांच्यासोबत ब्रूट नेचर आम्हांला विशेष आवडते. केकबरोबर ब्रूट देण्याची प्रथा आम्हांला पटत नाही. गोडासमोर ती कडवट आणि फिकी लागते, तेथे सेमी सेकोच हवी.

आपल्या घरी रवा लावून तळलेले बोंबील किंवा कोथिंबिरीची वडी असेल, तर ब्रूट निःशंकपणे उघडावी. झणझणीत रश्शाबरोबर मात्र बुडबुडे तिखटाची आग वाढवतात. तेथे कावा नकोच, आणि द्यायचीच तर सेमी सेको.

उरलेली वाइन फेसाळ वाइनच्या खास बुचाने बंद करून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस टिकते. बाटलीच्या तोंडात चमचा ठेवण्याचा उपाय उपयोगाचा नाही. न उघडलेली बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी आणि साधी कावा खरेदीपासून वर्षभरात संपवावी, कारण साका काढून टाकल्यानंतर ती मुरत नाही, फक्त जुनी होते.