दहापट लहान गाडी, गुरुत्वाकर्षण मात्र तेवढंच

रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत चालकांच्या स्टँडवर उभं राहिलं की सगळ्यात आधी जाणवतं ते इंजिनाचा आवाज नसणं. दहा बग्ग्या, म्हणजे उड्या मारत पळणाऱ्या बॅटरीवरच्या गाड्या, एकदम सुटतात आणि हॉलभर फक्त एक बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येते. मधूनच कुणाची तरी गाडी कडेच्या पट्टीवर आपटून खट्कन वाजते. शर्यत पाच मिनिटांची. गाडी जेमतेम ४० सेंटिमीटर लांब, वजन दीड किलोच्या आगेमागे. डाव्या तर्जनीखाली ट्रान्समीटरचा, म्हणजे हातातल्या रिमोटचा ट्रिगर, उजव्या हाताशी वाटीएवढं चाक. ट्रिगर ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक. यात अवघड ते काय, असं मला वाटलं होतं. दुसऱ्याच उडीला मी तोंडघशी पडलो. म्हणजे पडली गाडी, पण बघणारे हसले मला.

झालं असं, की गाडी उंचवट्यावरून हवेत गेली, अपेक्षेपेक्षा जास्त उंच गेली आणि मी घाबरून ट्रिगर सोडला. कुणीही हेच करेल. पण ट्रिगर सोडल्याबरोबर बग्गीनं नाक खाली घातलं, पुढचा बंपर जमिनीत रुतला आणि तीन कोलांट्या. शेजारी उभा असलेला मुलगा, वय असेल बारा, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काका, हवेत असताना सोडायचा नसतो."

का सोडायचा नसतो? हवेत चाकं कशालाच टेकलेली नाहीत, मग ती फिरली काय अन् थांबली काय, गाडीला काय फरक पडतो? पडतो, आणि चांगलाच. गाडी हवेत असताना तिला बाहेरून पिळणारं असं जवळपास काहीच नसतं. अशा वेळी गाडीचा सांगाडा आणि चाकं यांचं मिळून जे काही फिरणं आहे, त्याची बेरीज बदलू शकत नाही. भौतिकशास्त्रात याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. ट्रिगर ओढला की मोटर चाकांना पुढच्या दिशेनं आणखी जोरात फिरवते. बेरीज तर तीच राहायला हवी, म्हणून सांगाडा उलट दिशेला फिरतो आणि नाक वर उचललं जातं. ब्रेक मारला तर चाकांतलं फिरणं सांगाड्यात उतरतं आणि नाक खाली जातं. मी ट्रिगर नुसता सोडला होता, ब्रेक मारला नव्हता. पण या गाड्यांच्या स्पीड कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागात, ट्रिगर मोकळा सोडला की आपोआप थोडा ब्रेक लागावा अशी सोय असते, आणि माझ्या गाडीत ती चालू होती. घाबरण्याची शिक्षा लगेच मिळाली.

मोटोक्रॉसचे मोटारसायकलस्वार उडीत हेच तंत्र वापरतात. बग्गीत ते अधिक ठळक दिसतं, कारण तिची चाकं अंगाच्या मानानं भलतीच मोठी असतात. मागचं टायर साधारण ८५ मिलिमीटर व्यासाचं. दहापट करून पाहा: ८५ सेंटिमीटर! आपल्या नेहमीच्या मोटारीला एवढी चाकं कुणी लावत नाही. शिवाय टायरचं वजन बाहेरच्या कडेला, आसापासून लांब असतं, आणि फिरण्याच्या हिशेबात लांबचं वजन जास्त मोलाचं. फोर-व्हील बग्गीत तर चारही चाकं या कामाला लागतात. तिथं आणखी एक गंमत आहे. मोटरचा जोर शाफ्टनं, म्हणजे फिरत्या दांड्यानं, चाकांपर्यंत नेणाऱ्या फोर-व्हील गाडीत मोटर बहुतेक वेळा लांबीच्या दिशेनं बसवलेली असते. मग हवेत एकदम ट्रिगर ओढला की नाक तर उचलतंच, पण गाडी कुशीवरही थोडी कलते. मोटरचा फिरणारा गाभा एका बाजूला, सांगाडा दुसऱ्या बाजूला.

एवढं कळूनही मला उडी जमायला महिने लागले. दोष बोटाचा नव्हता, वेळेचा होता, आणि या खेळातली मला सगळ्यात रंजक वाटणारी गोष्ट इथंच आहे.

या बग्ग्या १:१० प्रमाणाच्या. लांबी, रुंदी, उंची सगळं दहाव्या हिश्शावर. तिन्ही मापं दहाव्या हिश्शावर आली की आकारमान हजाराव्या हिश्शावर येतं. मध्यम मोटारीचं वजन १,५०० किलो धरा, हजारानं भागा, दीड किलो. बग्गीचं वजन तेवढंच भरतं. हा निव्वळ योगायोग आहे, दोन्ही गाड्यांत समान असं जवळपास काहीच नाही, पण लक्षात ठेवायला सोयीचा आहे. मजबुती मात्र हजारपट घटत नाही. दांडा किती भार सोसेल ते त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं, आणि क्षेत्रफळ शंभरपटच घटतं. म्हणजे वजनाच्या मानानं लहान गाडी दहापट दणकट. गॅलिलिओनं १६३८ मध्ये लहान आणि मोठ्या प्राण्यांच्या हाडांविषयी हेच मांडलं होतं. म्हणूनच माझी बग्गी तीन कोलांट्या खाऊन सरळ झाली आणि काही न झाल्यासारखी पळाली. खऱ्या मोटारीनं दहा मीटरवरून अशी उडी घेतली असती तर पुढचं सांगायला नको.

आता वेळ. गाडी दहापट लहान केली, पण गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. अर्धा मीटर उंचीवरून खाली यायला कुठल्याही वस्तूला सुमारे ०.३२ सेकंद लागतात. वर जायला तेवढेच. म्हणजे अर्धा मीटर उंच उडीत बग्गी हवेत असते ती अवघी ०.६४ सेकंद. हीच उडी खऱ्या आकाराच्या गाडीनं घेतली तर उंची पाच मीटर आणि हवेतला वेळ दोन सेकंद. दहापट नव्हे, दहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ३.१६ पट. लहान गाडीचं जग आपल्या जगापेक्षा तीनपट घाईत चालतं. पूर्वी चित्रपटांत मोटारीच्या किंवा जहाजाच्या छोट्या प्रतिकृतींचं चित्रण करताना कॅमेरा जास्त वेगानं चालवत, तो यासाठीच. पडद्यावर ते संथ करून दाखवलं की खेळणं खरं वाटायला लागतं.

पण बग्गी चालवणाऱ्याचा मेंदू दहापट लहान केलेला नसतो. डोळ्याला दिसलं आणि बोट हललं, यात चांगल्या माणसालाही ०.२ सेकंद लागतात. ०.६४ मधून ०.२ गेले, उरले किती? आणि तेवढ्या वेळात ट्रॅकवर काय होतं ते पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगानं बग्गी ०.२ सेकंदात २.२ मीटर जाते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या साडेपाच पट. तोच वेग खऱ्या मोटारीचा असेल तर तेवढ्या वेळात ती स्वतःच्या लांबीच्या निम्म्यानं पुढे सरकते. म्हणून चांगला चालक गाडीकडे बघून बोट हलवत नाही. गाडी उंचवट्याच्या पायथ्याशी असतानाच ती कशी उडणार हे त्यानं ठरवलेलं असतं. हवेत तो फक्त चिमूटभर दुरुस्ती करतो. तो बारा वर्षांचा मुलगा हे करत होता. मी बघत बसलो होतो.

वर्गमुळाचा हा नियम जहाजबांधणीतून आला. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानं १८७२ मध्ये टॉर्की इथं लांब टाकी बांधून तिच्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. लाटा खऱ्या जहाजासारख्या उठाव्यात तर प्रतिकृतीचा वेग किती ठेवायचा, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर: लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे खेळण्याच्या खोक्यावर 'प्रमाणानुसार वेग ताशी ५०० किलोमीटर' असं लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं. ताशी ५० ला सरळ दहानं गुणलेलं असतं. गुरुत्वाकर्षण जमेस धरलं तर गुणायला हवं ३.१६ नं, उत्तर येतं ताशी १५८. तेही काही कमी नाही.

वेगाबरोबर आणखी एक पेच आहे, तो दिशेचा. गाडी आपल्यापासून लांब जात असते तेव्हा चाक उजवीकडे वळवलं की ती आपल्या उजवीकडे जाते. तीच गाडी वळून आपल्याकडे यायला लागली की तिचं उजवं म्हणजे आपलं डावं. नवखा माणूस इथं हमखास गोंधळतो. रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये दाखवलं की डोळ्यांपुढची आकृती मनातल्या मनात फिरवून पाहायला खरोखर वेळ लागतो, आणि कोन जितका मोठा तितका तो वेळ वाढतो. समोरून येणारी बग्गी म्हणजे १८० अंशांचा कोन. तेवढं फिरवत बसायला ट्रॅकवर सवड कुठे? सवयीचे चालक बहुधा फिरवतच नाहीत. आपण गाडीच्या आतच बसलोय असं त्यांना वाटतं. काहीजण वळणावर अंगानं झुकतात. त्यांना हसू नये, असं आता मला वाटतं, कारण मीही झुकतो.

बंदिस्त हॉलचा मोठा फायदा म्हणजे पाऊस नाही, वारा नाही, ऊन-सावली नाही, त्यामुळे टायरची पकड दिवसभर बरीचशी सारखी राहते. ट्रॅक मातीचा असेल तर ती नुसती ओढ्याकाठची माती नसते. चिकणमाती दाबून घट्ट केलेली असते आणि तिच्यातला ओलावा टिकवून धरावा लागतो. गाड्या फिरून फिरून ठरावीक रेषेवर रबराचा थर बसतो, ती रेषा काळपट चकचकीत दिसते. रेषेवरून हातभर बाहेर गेलात की धूळ आणि घसरण. कार्पेटच्या किंवा कृत्रिम हिरवळीच्या ट्रॅकवर उलटी तक्रार: पकड इतकी की वळणावर गाडी घसरायच्या ऐवजी कलंडतेच. टायर सरकायला तयार नसेल, तर बाजूचा जोर गाडीला उलथवण्यात जातो. उपाय म्हणून लोक गाडी जमिनीलगत बसवतात, आणि पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला चक्क सुपरग्लूचा थर देतात. पकड वाढावी म्हणून महागडं टायर घ्यायचं आणि मग त्याच्याच कडा गोंद लावून गुळगुळीत करायच्या! पण चालतं ते.

मोटर आणि बॅटरीवर तासन् तास बोलणारे लोक भेटतील, मी थोडक्यात आवरतो. बॅटरी दोन सेलची लिथियम पॉलिमर, ७.४ व्होल्टची, पूर्ण भरल्यावर ८.४. मोटर ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली, तिची ओळख तारेच्या वेढ्यांवरून. १७.५ वेढ्यांची मोटर शांत, ६.५ वेढ्यांची पिसाट. वेढे कमी तर तेवढ्याच व्होल्टला फेरे जास्त. नवख्यानं १७.५ च्या वर्गात राहावं. ६.५ ची मोटर घेऊन पहिल्याच दिवशी भिंत गाठणारे मी पाहिलेत.

मला जास्त वेळ घालवावासा वाटतो तो शॉकवर, म्हणजे चाकांना बसणारे धक्के झेलणाऱ्या भागावर. बोटाएवढी नळी, आत सिलिकॉन तेल, त्यात वरखाली होणारी चकतीसारखी पिस्टन, आणि पिस्टनला दीड मिलिमीटरच्या आसपासची दोन-तीन छिद्रं. बस्स. चाक वर उचललं गेलं की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि त्या धडपडीत उडीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. तेलाचा दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. पाण्याचा साधारण १, शॉकमधल्या तेलाचा ३५०, ४०० वगैरे. आता पेच असा: ट्रॅकवरच्या बारीक लाटांवर शॉक मऊ हवा, नाहीतर टायर उडत राहतं. उडीवरून आदळताना कडक हवा, नाहीतर पोट जमिनीला घासतं. एकच शॉक दोन्ही कसा करणार? छिद्रं करतात. पिस्टन सावकाश हलली तर तेल शांतपणे वाहतं. ती झटक्यात हलली की छिद्रांत तेलाचा प्रवाह खवळतो, वाट मिळेनाशी होते आणि शॉक क्षणभर जणू गोठतो. शॉक 'पॅक' झाला, असं म्हणतात. छिद्र दशांश मिलिमीटरनं मोठं केलं तरी गाडीचा स्वभाव बदललेला कळतो.

शॉक भरायला मी अजून घाई करतो आणि अजून पस्तावतो. तेल ओतायचं, पिस्टन हळूहळू वरखाली करायची, बारीक बुडबुडे तळातून सुटून वर येतात ते बघत बसायचं. पाच-दहा मिनिटं काहीच करायचं नाही. मग टोपण लावायचं. एखादा बुडबुडा राहिला तर दांडा दाबताना चुकचुक आवाज येतो, कारण हवा दबते आणि तेल दबत नाही. एका बाजूच्या शॉकमध्ये हवा राहिली तर गाडी दर उडीनंतर वाकडी उतरते, आणि माणूस दिवसभर दोष देत राहतो स्टिअरिंगला.

शर्यत संपली की चालकानं गाडी खाली ठेवून ट्रॅकवर उतरायचं आणि पुढच्या शर्यतीत उलटलेल्या गाड्या सरळ करायला एका वळणावर उभं राहायचं, असा रिवाज आहे. परवा माझ्या वळणावर एक बग्गी पाठीवर पडली. तिचा मालक स्टँडवरून अजून ट्रिगर ओढत होता. मागची चाकं सुसाट फिरत होती, टायर फुगून उंच झालं होतं. उचलून सरळ करायला मनगट फिरवलं, तर गाडी हातातल्या हातात आडवी वळली, जणू कुणी पलीकडून हिसका दिला. फिरतं चाक कलायला नकार देतं, ते हाताला असं कळतं. मी वर पाहिलं. स्टँडवर तोच बारा वर्षांचा मुलगा होता. "सोड!" मी ओरडलो, आणि या वेळी सोडायचंच होतं.