‘टिल फ्रायडे’ की ‘बाय फ्रायडे’? एका ‘पर्यंत’ने घातलेला घोळ

‘आय विल सेंड यू द फाइल टिल फ्रायडे.’ हे वाक्य मी गेल्या अकरा वर्षांत इतक्या वेळा वाचलंय की आता मेल उघडायच्या आधीच अंदाज येतो. मराठी मीडियमच्या मुलांकडून वाचलंय, इंग्लिश मीडियमच्या मुलांकडून तेवढंच वाचलंय, माझ्याहून सीनियर लोकांच्या मेलमध्ये वाचलंय, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला ‘प्लीज पे मेंटेनन्स टिल टेन्थ’ असतंच. सिन्स आणि फॉरबद्दल सगळे बोलतात, ‘वर्किंग सिन्स टू इयर्स’ चूक आहे हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. बाय आणि टिलबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही, आणि माझ्या अनुभवात कामाचं खरं नुकसान याच जोडीने होतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

टिल तुम्हाला येतो, त्यात वेळ घालवत नाही. दुकान नऊपर्यंत उघडं असतं, शॉप इज ओपन टिल नाइन. मी सातपर्यंत ऑफिसात आहे, आय ॲम इन द ऑफिस टिल सेव्हन. एखादी गोष्ट चालू आहे, त्या वेळेपर्यंत चालू राहते आणि मग थांबते. इथे कोणी चुकत नाही. चूक होते ती बायची जागा टिलला दिल्यावर.

मुळात आपल्या ‘पर्यंत’मध्ये दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. परि अधिक अंत, म्हणजे हद्द, शेवटची सीमा, एवढंच तो शब्द सांगतो. त्या हद्दीपर्यंत तुम्ही सतत चालत जाणार आहात की हद्दीच्या अलीकडे कधीतरी एकदा काम उरकणार आहात, हे ‘पर्यंत’ सांगतच नाही, ते आपलं क्रियापद सांगतं. ‘पाचपर्यंत थांब’ आणि ‘पाचपर्यंत पैसे दे’ यात आपल्याला कधी गोंधळ होत नाही कारण थांबणं हे चालू राहणारं काम आहे आणि देणं हे एका क्षणात होणारं. इंग्रजीत हा फरक क्रियापदावर सोडून भागत नाही, तिथे आधीचा छोटा शब्दही बदलावा लागतो. थांबायचं असेल तर टिल फाइव्ह, द्यायचे असतील तर बाय फाइव्ह.

हिंदीतला ‘तक’ तसाच, गुजरातीतला ‘सुधी’ तसाच. म्हणून टीममध्ये सगळे इथलेच असले की ‘टिल फ्रायडे’ सगळ्यांना बरोबर कळतं, कोणी टोकत नाही, आणि ती सवय हाडात मुरते. पुण्यात जर्मन शिकणारे ढीगभर लोक आहेत त्यांना हे लगेच पटेल, जर्मनमधला ‘बिस’ दोन्हीकडे चालतो आणि म्हणून जर्मन माणूसही इंग्रजी लिहिताना नेमका इथेच घसरतो. तेव्हा यात तुमची हुशारी कमी आहे वगैरे काही नाही, आपल्या भाषेने आपल्याला एकच खण दिलाय आणि इंग्रजीला दोन लागतात.

आता ओळखायचं कसं? मी टीममधल्या नव्या मुलांना एक गोष्ट करायला सांगते. वाक्य मनात मराठीत म्हणा आणि शेवटी ‘टाक’ जोडून बघा, मग ‘राहा’ जोडून बघा. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देऊन टाक, जमलं, म्हणजे बाय. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देत राहा, असं तुम्हाला म्हणायचंच नव्हतं. शुक्रवारपर्यंत वाट बघत राहा, जमलं, म्हणजे टिल. ‘आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे’ हे इंग्रजी माणसाच्या कानाला ‘शुक्रवारपर्यंत तुला फाइल पाठवतच राहीन’ असं लागतं. एखादं क्रियापद दोन्हीकडे जातं, उदाहरणार्थ वाचणं. हे शुक्रवारपर्यंत वाचून टाक, ‘फिनिश रीडिंग धिस बाय फ्रायडे’. शुक्रवारपर्यंत हेच वाचत राहा, ‘कीप रीडिंग धिस टिल फ्रायडे’. येणं-जाणं-पोचणं याला ‘टाक’ नीट लागत नाही, तिथे ‘च्या आत’ लावून बघा. पाचच्या आत ये, जमतंय, म्हणजे बाय फाइव्ह. पाचच्या आत थांब, हे कोणी म्हणणार नाही.

आमच्या घराचं उदाहरण देते कारण त्यात दोन्ही शेजारी दिसतात. फ्लॅटचं लोन २०३५ पर्यंतचं आहे. लोन २०३५ पर्यंत फिटेल आणि हप्ते २०३५ पर्यंत भरायचे आहेत, एकच लोन, एकच साल, एकच ‘पर्यंत’. इंग्रजीत मात्र ‘द लोन विल बी पेड ऑफ बाय २०३५’ आणि ‘वी विल बी पेइंग ईएमआयज टिल २०३५’. फिटणं एकदाच होणार, भरणं दर महिन्याला चालू. हे एक उदाहरण डोक्यात बसलं तरी निम्म्या चुका जातील.

इथपर्यंत बहुतेक लोक मान डोलावतात. पुढचं मात्र खरं अवघड आहे आणि यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय. वाक्यात ‘नाही’ आलं की काय होतं?

चार वर्षांपूर्वी आमचा क्लायंट लंडनचा होता. टेस्टिंग शुक्रवारी संपवायचं ठरलेलं, पण बुधवारी आमच्या लक्षात आलं की एवढ्यात हे होत नाही, पुढच्या आठवड्यातले दोन-तीन दिवस लागणार. मी मेल लिहिली, ‘द टेस्टिंग विल नॉट बी कम्प्लीट टिल फ्रायडे’. माझ्या मनात स्वच्छ मराठी वाक्य होतं, टेस्टिंग शुक्रवारपर्यंत होणार नाही. समोरून उत्तर आलं, थँक्स, दॅट वर्क्स. मी म्हटलं चला, समजून घेतलं. शुक्रवारी आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले तेव्हा फोन आला की आमची माणसं रिलीजसाठी बसून आहेत, तुमचा फायनल रिपोर्ट कुठाय? त्यांनी माझी मेल अगदी बरोबर वाचली होती. मी लिहिलं होतं की शुक्रवारच्या आधी होणार नाही, शुक्रवारी होईल. मला म्हणायचं होतं की शुक्रवारची तारीख पाळता येणार नाही. त्या रात्री मी ती एक ओळ कितीदा वाचली असेल, आणि चूक कुठे आहे ते मला तरीही दिसत नव्हतं, कारण मराठीत ती चूक नाहीच आहे. आमच्या टीममधली दोन मुलं शनिवार-रविवार बसली त्यापायी, आणि त्यांचा काही दोष नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

झालं काय ते सांगते. ‘पाठवणं’ क्षणात होतं, म्हणून ‘सेंड टिल फ्रायडे’ चुकतं. पण ‘न पाठवणं’ ही चालू राहणारी अवस्था आहे! आज पाठवलेलं नाही, उद्याही नाही, परवाही नाही, ती अवस्था शुक्रवारपर्यंत चालते आणि शुक्रवारी संपते, म्हणजे शुक्रवारी फाइल जाते. म्हणून ‘आय वोन्ट सेंड इट टिल फ्रायडे’ हे वाक्य व्याकरणाने पूर्ण बरोबर आहे, आणि हाच धोका आहे, कारण चुकीचं वाक्य असतं तर समोरच्याने विचारलं तरी असतं, बरोबर वाक्यावर कोण विचारतो? ‘आय वोन्ट सेंड इट बाय फ्रायडे’ वेगळं. तिथे शुक्रवारच्या रेघेवर उभं राहून बघितलं तर काम झालेलं नाही, पुढे कधी होईल त्याबद्दल वाक्य गप्प आहे.

आपल्या ‘शुक्रवारपर्यंत होणार नाही’चे दोन्ही अर्थ निघतात आणि बोलताना आपण ते आवाजावरून, समोरच्याच्या तोंडावरून ओळखतो. लॅबमधली बाई म्हणते सोमवारपर्यंत रिपोर्ट मिळणार नाहीत, तेव्हा आपल्याला कळतं की सोमवारी मिळतील. नेमकं बोलायचं झालं तर मराठीत त्यासाठी ‘शिवाय’ आहे, सोमवार उजाडल्याशिवाय मिळणार नाहीत. हीच कसोटी वापरा. तुमच्या वाक्यात ‘शिवाय’ बसत असेल तर नॉट टिल. ‘शिवाय’ने अर्थ बदलत असेल, म्हणजे तुम्हाला मुदत चुकणार असं सांगायचं असेल, तर नॉट बाय. माझं वाक्य ‘शुक्रवार उजाडल्याशिवाय टेस्टिंग होणार नाही’ असं करून बघितलं असतं तर मला तिथेच खटकलं असतं. मी लिहायला हवं होतं, ‘वी वोन्ट बी डन बाय फ्रायडे. वी नीड टिल वेन्सडे.’ मुदत चुकणार म्हणून बाय, गरज बुधवारपर्यंत चालू राहणार म्हणून टिल. आता मी अशा वेळी नकार एकटा कधीच ठेवत नाही, पुढे नवी तारीख लिहितेच, आणि माझ्या टीमलाही तोच नियम आहे.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे वाक्याच्या मागे लागणारा ‘पर्यंत’. मी पुणे स्टेशनला पोचेपर्यंत डेक्कन क्वीन गेली होती. हे सर्रास ‘टिल आय रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’ असं लिहिलं जातं. सव्वासातची गाडी, तुम्ही सातवीसला धापा टाकत प्लॅटफॉर्मवर, गाडी त्याआधी कधीतरी एकदाच सुटली, सुटतच राहिली नव्हती. म्हणून ‘बाय द टाइम आय रीच्ड’. तेच ‘मी पोचेपर्यंत मैत्रीण स्टेशनवर थांबली होती’ असेल तर ‘शी वेटेड टिल आय रीच्ड’. ‘मी परत येईपर्यंत हे संपव’ हे ‘फिनिश धिस बाय द टाइम आय कम बॅक’. लांबलचक वाटतं म्हणून लोक टिल टाकून मोकळे होतात, पण तिथे छोटा शब्द नाहीये, अख्खं ‘बाय द टाइम’च लिहावं लागतं.

आणि ‘अनटिल यू डोन्ट कम, आय वोन्ट ईट’. हे आपल्या ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत’ची थेट नक्कल आहे. मराठी न येण्याच्या काळाकडे बघते, तो काळ आहे तोवर मी जेवणार नाही, म्हणून ‘नाहीस’ लागतंच. इंग्रजी अनटिल येण्याच्या क्षणाकडे बोट दाखवतो, तिथे डोन्ट घातला की सगळं उलटं होतं. ‘आय वोन्ट ईट अनटिल यू कम’, बास. मला ही चूक टिल फ्रायडेपेक्षा जास्त टोचते, कारण कधीकधी इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या तोंडीही ऐकलीये.

बाकीचं पटकन. टिल आणि अनटिलमध्ये अर्थाचा फरक नाही. टिल हा अनटिलचा शॉर्टफॉर्म आहे असं ठासून सांगणारे भेटतात, तसं नाही, टिलच जुना आहे, त्याच्या आधी वरचा स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) लावायची काही गरज नाही. बायनंतर घड्याळ किंवा कॅलेंडरवरचा बिंदू लागतो, कालावधी चालत नाही, म्हणून ‘बाय टू डेज’ चूक, ‘इन टू डेज’ किंवा ‘विदिन टू डेज’ लिहा. ‘आय विल ड्रॉप यू टिल दादर’ आपल्याकडे चालतं, बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘ॲज फार ॲज दादर’ म्हणा. ‘लेटेस्ट बाय मंडे’ आपल्याकडची पद्धत आहे, माझी त्याला हरकत नाही, अर्थ तरी बरोबर पोचतो. ‘एव्हाना तो पोचला असेल’ यातला ‘एव्हाना’ म्हणजे थेट ‘बाय नाऊ’, आपल्याकडे बायसाठी इतका चपखल शब्द असताना आपण तिथेही ‘टिल नाऊ ही मस्ट हॅव रीच्ड’ लिहितो हे मला खरंच बघवत नाही. आणि ‘बाय ईओडी’, म्हणजे ‘एंड ऑफ डे’, कृपया लिहू नका, कोणाचा दिवस? तुमचा संपतो तेव्हा न्यूयॉर्कवाल्याचा सुरू होत असतो. बाय ५ पीएम फ्रायडे, आयएसटी (भारतीय वेळ), असं पूर्ण लिहा.

राहिली सुट्टी. बाय फ्रायडेमध्ये शुक्रवार धरलेला असतो, शुक्रवार नको असेल तर बिफोर फ्रायडे. पण ‘आय ॲम ऑन लीव्ह टिल फ्रायडे’ यात शुक्रवारी तुम्ही कामावर आहात की नाही, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही नक्की सांगता येत नाही. अमेरिकन लोक त्यासाठी थ्रू वापरतात, थ्रू फ्रायडे म्हणजे शुक्रवार धरून, पण ब्रिटनमध्ये तो तितका रुळलेला नाही. मी ऑटो-रिप्लायमध्ये दोन्ही टाळते आणि सरळ ‘बॅक ऑन मंडे, १२ मे’ असं वार आणि तारीख लिहून सुट्टीवर जाते.