उन्हात ठेवलेले सेल

बॅटरीचा उजेड पिवळा पडला की (टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणत) सेल काढून उन्हात ठेवायचे, हा लहानपणीचा ठरलेला उद्योग. संध्याकाळी ती खरंच थोडा वेळ पेटायची. ऊन खाऊन सेल 'चार्ज' होतो, अशी आमची पक्की समजूत. पण ऊन नवी ऊर्जा देत नव्हतं. उबेनं आणि विश्रांतीनं आतली रसायनं जरा हलायची, आणि उरलंसुरलं बाहेर पडायचं, इतकंच.

त्या सेलची जस्ताची डबी म्हणजे नुसतं भांडं नव्हे, तेच सेलचं इंधन. जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात. ते इलेक्ट्रॉन बल्बमधून फिरून मधल्या कार्बनच्या कांडीकडे येतात आणि तिच्याभोवतीचं काळं मँगनीज डायऑक्साइड त्यांना सामावून घेतं. (भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून हेच खनिज सेलच्या कारखान्यांना जातं.) डबी झिजून भोक पडलं की आतलं रसायन गळून बॅटरीतली स्प्रिंग चिकट होते, गंजते.

मग उलटा प्रवाह सोडून जस्त परत का आणू नये? येतं की, पण जागेवर येत नाही. काटेरी फांद्यांसारखं कुठेही वाढतं आणि पलीकडे टेकलं तर आतल्या आत शॉर्ट. शिवाय वायू साठून सेल गळू किंवा फुटू शकतो. म्हणून साधे सेल चार्जरमध्ये घालायचे नसतात.

चार्जिंगच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये धातू विरघळतच नाही. हायड्रोजन मिश्रधातूच्या जाळीत शिरतो आणि बाहेर पडतो. लोकलमध्ये माणसं चढतात-उतरतात, डबा तोच राहतो, तसं. त्यामुळे शेकडो फेऱ्या होतात.

यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून काहीजण बिचकतात. साध्या सेलचे १.५ व्होल्ट वापराबरोबर घसरत जातात. हा मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकतो. विजेला आतून होणारा विरोधही कमी असतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश, मुलांच्या गाड्या अशा एकदम जास्त वीज ओढणाऱ्या वस्तूंत तोच भारी पडतो.

घड्याळाची गोष्ट वेगळी. त्याला वीज लागते चिमूटभर, पण महिनोन्‌महिने. जुने चार्जिंगचे सेल नुसते पडून राहिले तरी काही महिन्यांत रिकामे व्हायचे. २००५ नंतर आलेले नवे प्रकार वर्षभर बराचसा चार्ज धरून ठेवतात. तरी आमच्या भिंतीवरच्या घड्याळात मी अजून साधाच सेल घालतो. तो संपेपर्यंत स्टुलावर चढावं लागत नाही.