हिवाळी हंगाम, बंद दारं आणि चाचण्यांचा हिशेब

१२ मार्च २०२० च्या दुपारी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सेंट जॉन्स आणि क्रेटन या विद्यापीठांचा बास्केटबॉल सामना सुरू होता. मध्यंतर झालं, संघ आत गेले आणि पुन्हा खेळायला उतरलेच नाहीत. कोविडमुळे सामना तिथेच संपल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी मोंटाना राज्यातल्या बोझमनमध्ये विद्यापीठांची राष्ट्रीय स्कीइंग स्पर्धा अर्ध्यावर आली होती. चार दिवसांतले दोन दिवस पार पडले होते, उरलेल्या शर्यती झाल्याच नाहीत आणि विजेता संघही ठरला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत एनसीएए, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या संघटनेने, हिवाळ्यातल्या उरलेल्या आणि वसंतातल्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा १९३९ पासून दरवर्षी होत आली होती. दुसऱ्या महायुद्धातही तिला खंड पडला नव्हता, तो आता पडला.

पुढच्या दोन वर्षांत कॉलेजांच्या हिवाळी खेळांसाठी जी नियमावली तयार झाली, ती एखाद्या वैद्यकीय समितीने बसून लिहिली आणि सगळ्यांनी पाळली, असं वरवर पाहता वाटतं. प्रत्यक्षात कागदावरचा नियम बहुतेक ठिकाणी सारखाच होता. फरक होता तो पाळण्याच्या ऐपतीत.

आधी एक खुलासा. ‘हिवाळी खेळ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुलमर्ग आणि बर्फ येतो. अमेरिकी कॉलेजांत मात्र हा शब्द हंगामासाठी वापरतात. नोव्हेंबर ते मार्च जे खेळलं जातं ते हिवाळी. त्यात स्कीइंग आणि आइस हॉकी आहेत, तसे बास्केटबॉल, कुस्ती, पोहणं, जिम्नॅस्टिक्सही आहेत. बास्केटबॉलचा तर जन्मच हिवाळ्यासाठी झाला. १८९१ च्या डिसेंबरात मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे प्रश्न होता की बाहेर गारठा असताना पोरांना गुंतवायचं कशात. थंडी चुकवण्यासाठी त्यांनी खेळ चार भिंतींत आणला. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या वर्षी त्या चार भिंतीच नडल्या. उघड्या डोंगरावर एकेकटे घसरत जाणारे स्कीपटू त्यामानाने सुरक्षित ठरले. २०२० च्या उन्हाळ्यात एनसीएएने संपर्कातल्या धोक्यानुसार खेळांची प्रतवारी केली, तेव्हा बास्केटबॉल, आइस हॉकी, कुस्ती वरच्या गटात गेले आणि स्कीइंग, पोहणं, नेमबाजी खालच्या गटात.

खेळाडूच्या प्रकृतीसाठी नियम करणं या संघटनेला नवं नव्हतं. ती जन्मलीच त्यातून. १९०५ च्या फुटबॉल हंगामात डझनाहून अधिक मुलं दगावली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी केली आणि १९०६ मध्ये संघटना उभी राहिली. पण तेव्हाचा धोका होता दुखापतीचा. संसर्गाचा धोका ओळखला तो कुस्तीने. मॅटवर अंगाला अंग घासतं, त्यामुळे नायटा, हर्पिसचे फोड यांसारखे त्वचारोग एका पैलवानाकडून दुसऱ्याकडे सहज जातात. म्हणून तिथे लढतीआधी त्वचेची तपासणी होते आणि संशयास्पद चट्टा दिसला तर पैलवान बाहेर बसतो. आपल्याकडे तालमीच्या मातीत हळद, ताक, तेल घालतात, त्यामागेही पैलवानांच्या कातडीची काळजी आहेच. १९९७ मध्ये महिना-सव्वा महिन्यात तीन कॉलेज पैलवान वजन घटवण्याच्या नादात मेले. त्यानंतर रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली, वजनाचे नियमही बदलले. म्हणजे लढतीच्या आधी वैद्यकीय गाळणी असणार आणि तिच्यापुढे प्रशिक्षकाचं चालणार नाही, ही सवय कुस्तीला होती. बास्केटबॉलला नव्हती.

रिकाम्या प्रेक्षागाराचा प्रयोगही आधी होऊन गेलेला होता. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिएना कॉलेजात गोवराची साथ आली. बास्केटबॉल संघाचे सामने प्रेक्षकांविना खेळवले गेले, त्यांच्या गटाची स्पर्धासुद्धा. शुकशुकाटात खेळत सिएनाने ती स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत बलाढ्य स्टॅनफर्डलाही गारद केलं. त्याच वर्षी अमेरिकेत मुलांना गोवराच्या लसीचा दुसरा डोस देण्याची शिफारस झाली. तीस वर्षांनी जगभर रिकाम्या मैदानांवर खेळ सुरू झाले, तेव्हा सिएनाच्या त्या संघाची आठवण अनेकांना झाली.

मार्च २०२० मध्ये मात्र कोणाकडेच तयार आराखडा नव्हता. पहिलं पाऊल आयव्ही लीगने उचललं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन असलेल्या, आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या या गटाने १० मार्चलाच आपली बास्केटबॉल स्पर्धा रद्द केली. तेव्हा घाबरट म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि दोन दिवसांनी सगळेच त्यांच्या मागे गेले.

उन्हाळ्यात कागदपत्रं येऊ लागली. एनसीएएचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ब्रायन हेनलाइन यांच्या देखरेखीखाली मार्गदर्शक तत्त्वं निघाली. सप्टेंबरअखेर बास्केटबॉलसाठी वेगळी सूचनावली आली. खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ अशा आतल्या वर्तुळातल्या प्रत्येकाची हंगामात आठवड्यातून तीनदा, एकाआड एक दिवशी चाचणी. बाधित निघाला तर किमान दहा दिवस विलगीकरण. जवळच्या संपर्कात आलेल्यांना चौदा दिवस क्वारंटाइन. चार महिन्यांच्या हंगामात चौदा दिवस म्हणजे चार-पाच सामने. एकाला लागण झाली आणि सगळ्यांनी एकत्र सराव केलेला असला की अख्खा संघ घरी.

हंगामाची सुरुवात १० नोव्हेंबरवरून २५ नोव्हेंबरवर ढकलली गेली. कारण मोठं बोलकं आहे. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या सुमारास बहुतेक कॉलेजांचं सत्र संपतं किंवा त्या वर्षी तरी उरलेले वर्ग ऑनलाइन होणार होते. विद्यार्थी घरी गेले की आवारात उरणार फक्त खेळाडू. आयपीएलमुळे आपल्याला ‘बायो-बबल’ हा शब्द पाठ झाला. इथे बबल बांधायला लागलाच नाही, बाकीची पोरं घरी गेली की आपोआप तयार. कॉलेजचे खेळ सुरक्षित व्हायचे तर कॉलेज रिकामं हवं, हे संघटनेने जवळजवळ लेखी कबूल केलं.

आइस हॉकीबद्दलची धास्ती वाढली ती फ्लोरिडातल्या एका प्रकरणाने. जून २०२० मध्ये तिथे हौशी खेळाडूंचा साधा सामना झाला. २२ खेळाडूंपैकी १४ जण आणि रिंकवरचा एक कर्मचारी आजारी पडले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑक्टोबरात हा अहवाल प्रसिद्ध केला. बंदिस्त जागा, थंड हवा, धापा टाकत एकमेकांवर आदळणारे खेळाडू आणि बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेले बदली गडी. विषाणूला आणखी काय हवं?

हृदयाचा प्रश्न वेगळाच होता. ओहायो स्टेट विद्यापीठात कोविडमधून उठलेल्या २६ खेळाडूंचं एमआरआय केलं, तर चौघांच्या हृदयस्नायूंना सूज असल्याची चिन्हं दिसली. सप्टेंबर २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि एकच घबराट उडाली. बिग टेन या श्रीमंत गटाने बाधित खेळाडूला किमान २१ दिवस सामना खेळू द्यायचा नाही आणि हृदयतपासणी झाल्याशिवाय परतू द्यायचं नाही, असा नियम केला. पुढच्या मे महिन्यात त्याच गटाच्या १,५९७ खेळाडूंची आकडेवारी आली, तेव्हा प्रमाण २.३ टक्के निघालं. २६ जणांच्या पाहणीवर धोरण बेतलं म्हणून आज नाकं मुरडणं सोपं आहे. पण त्या सप्टेंबरात हातात तेवढीच पाहणी होती, आणि प्रश्न विशीतल्या मुलांच्या हृदयाचा होता.

आता ऐपतीचा मुद्दा. आठवड्याला तीन चाचण्या करायच्या तर प्रयोगशाळा हवी, माणसं हवीत, पैसा हवा. एनसीएएचा छोट्या कॉलेजांसाठीचा तिसरा विभाग, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीही देत नाहीत, तिथे इतक्या संघांनी माघार घेतली की फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या विभागाच्या हिवाळी राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाल्या. आयव्ही लीगकडे पैशांची ददात नव्हती, पण टीव्हीच्या करारावर त्यांचं पोट नव्हतं. त्यांनी १२ नोव्हेंबर २०२० ला अख्खा हिवाळी हंगाम सोडून दिला. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांचं गणित निराळं. २०२० ची पुरुष बास्केटबॉल स्पर्धा बुडाल्यावर एनसीएएने सभासदांना ६० कोटी डॉलरऐवजी २२.५ कोटीच वाटले, आणि २७ कोटींचा विमा होता म्हणून तेवढं तरी जमलं. दुसऱ्यांदा ही स्पर्धा बुडू द्यायची नाही, हे मग कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आयव्ही आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी अंग काढून घेतल्यामुळे ईसीएसी या हॉकी गटातल्या बारापैकी चारच संघ खेळले. त्या चारांतल्या सेंट लॉरेन्सने मार्च २०२१ मध्ये क्विनिपिअॅकला जादा वेळेत हरवून अजिंक्यपद मिळवलं. राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट हातात आलं आणि त्याच रात्री प्रशिक्षकांची चाचणी पॉझिटिव्ह निघाली. संघ बाहेर, हरलेलं क्विनिपिअॅक आत. अमुक दिवसांत पॉझिटिव्ह असाल तर खेळायचं नाही, यात जिंकल्या-हरल्याला जागा नव्हती. नॉट्र डेमचा हॉकी संघ असाच राष्ट्रीय स्पर्धेतून गेला. मिशिगनला तर पहिला सामना काही तासांवर असताना घरी पाठवलं. मॅसेच्युसेट्स विद्यापीठाने उपांत्य सामना चार खेळाडूंविना खेळला, त्यांत मुख्य गोलरक्षक होता आणि सर्वाधिक गोल करणाराही होता. तरी ते जिंकले आणि पुढे अंतिम फेरीत सेंट क्लाउड स्टेटला ५-० असं लोळवून पहिल्यांदा विजेते झाले.

बबलचा खरा थाट दिसला इंडियानापोलिसला. एरवी देशभर विखुरलेली ६८ संघांची पुरुष बास्केटबॉल स्पर्धा २०२१ मध्ये एकट्या इंडियाना राज्यात आणली. येण्याआधी सलग सात दिवस निगेटिव्ह अहवाल, आल्यावर रोज चाचणी, हॉटेलात प्रत्येकाला स्वतंत्र खोली, संघाला स्वतंत्र मजला. कोण कोणाजवळ किती वेळ होतं हे मोजणारं उपकरण अंगावर. पाच खेळाडू धड असले तरी सामना होणार, असंही ठरलं. प्रेक्षक क्षमतेच्या २५ टक्के. एवढं करूनही व्हर्जिनिया कॉमनवेल्थचा ऑरेगनशी सामना होऊ शकला नाही आणि चेंडूला हात न लावता ऑरेगन पुढे गेलं. बाकी स्पर्धा तडीस गेली, ५ एप्रिलला बेलरने गोन्झागाला हरवलं.

स्त्रियांची स्पर्धा त्याच वेळी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत सुरू होती. तिथून ऑरेगन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने एक छोटा व्हिडिओ टाकला. पुरुषांच्या वाट्याला सभागृहभर व्यायामसाहित्य, आणि मुलींना डंबेल्सचा एक छोटासा स्टँड. जागा कमी होती म्हणावं, तर तिने बाजूची मोकळी जागाही दाखवली. हा गाजावाजा सगळ्यांना आठवतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कमी गाजलेली दुसरी गोष्ट. पुरुषांची रोज पीसीआर चाचणी होत होती आणि स्त्रियांची रोज अँटिजन. दोन्ही पद्धती पुरेशा आहेत असं संघटनेचं म्हणणं. असतीलही. मग महागडी कोणाला आणि स्वस्तातली कोणाला, हे कशावरून ठरलं? एनसीएएनेच नेमलेल्या बाहेरच्या वकिलांचा अहवाल ऑगस्टमध्ये आला, त्यात या तफावतीचा पाढाच वाचला होता. २०२२ पासून ‘मार्च मॅडनेस’ हे नाव स्त्रियांच्या स्पर्धेलाही लावता आलं. तोवर ते फक्त पुरुषांचं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात लस आली होती आणि सूर बदलला होता. कोविडमुळे संघ उतरवता आला नाही तर सामना हरल्यात धरू, असं बऱ्याच गटांनी आधीच बजावलं होतं. लस घ्यायला लावण्याचा तो एक मार्ग होता. मग ओमायक्रॉन आला, लस घेतलेलेही पटापट बाधित व्हायला लागले आणि डिसेंबर २०२१ मध्ये एकामागून एक गटांनी तो नियम मागे घेतला. ६ जानेवारी २०२२ ला एनसीएएने हिवाळी खेळांसाठी सुधारित सूचना काढल्या. त्यांत ‘पूर्ण लसीकरण’ म्हणजे काय, हेच नव्याने सांगितलं. आदल्या नव्वद दिवसांत कोविड होऊन गेलेल्यालाही त्यात धरलं.

युरोपात याच लाटेने विद्यापीठांचं हिवाळी विश्वसंमेलन बुडवलं. स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नला जानेवारी २०२१ मध्ये होणारी युनिव्हर्सियाड आधीच त्या डिसेंबरवर ढकलली होती. ११ डिसेंबरला उद्घाटन ठरलेलं, आणि २९ नोव्हेंबरला ती रद्दच झाली. ओमायक्रॉनमुळे स्विस सरकारने बाहेरून येणाऱ्यांवर घातलेल्या क्वारंटाइनच्या अटींत ती बसेना. जगभरातल्या विद्यार्थ्यांची हिवाळी स्पर्धा पुन्हा भरली ती थेट जानेवारी २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला.

या सगळ्या नियमांत सर्वांत जास्त टिकला तो आरोग्याचा नव्हताच. एरवी खेळाडूला चार हंगाम मिळतात. ऑक्टोबर २०२० मध्ये एनसीएएने ठरवलं की २०२०-२१ चा हिवाळी हंगाम कोणाच्याच हिशेबात धरायचा नाही. त्यामुळे तेव्हा पहिल्या वर्षाला असलेली मुलं पाचव्या हंगामासाठी २०२४-२५ पर्यंत खेळताना दिसली. मार्च २०२० मध्ये ज्यांची राष्ट्रीय स्पर्धा तोंडाशी येऊन हुकली, त्या हिवाळी खेळाडूंना मात्र हे जास्तीचं वर्ष मिळालं नाही. त्यांचा हंगाम जवळजवळ संपलाच होता, असं ३० मार्च २०२० ला ठरलं. वसंतातल्या खेळाडूंना वर्ष मिळालं. बोझमनच्या डोंगरावर निम्म्या शर्यती करून परतलेले शेवटच्या वर्षाचे स्कीपटू पदवी घेऊन घरी गेले.